साडेअठरा मिनिटांची घूंघूं: निक्सन यांच्या पुसलेल्या टेपची तपासणी

एखादे ध्वनिमुद्रण खरे की बनावट, असा प्रश्न आला की आपले लक्ष आधी आवाजाकडे जाते. हा त्याच माणसाचा आवाज आहे का, तो असे बोलला असेल का, मध्येच सूर बदललेला वाटतो का. या कामात मुरलेली माणसे मात्र उलट टोकाकडून सुरुवात करतात. कोणी बोलत नसताना काय ऐकू येते, हे ती आधी पाहतात. दोन वाक्यांमधली शांतता, यंत्राची घरघर, बटण दाबल्याचा बारीक टक्. बोलणाऱ्याला आपले बोलणे सावरता येते, यंत्राला आपला आवाज लपवता येत नाही.

म्हणून मला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या टेपचे १९७३-७४ मधले हे प्रकरण फार मोलाचे वाटते. वादातल्या भागात बोलण्याचे एक सलग वाक्यही उरले नव्हते. जे काही सांगायचे ते यंत्राच्या आवाजानेच सांगायचे होते, आणि त्याने बरेच सांगितले.

टेप आणि तिचा प्रवास

१७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसे पकडली गेली. तीनच दिवसांनी, २० जूनला, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे प्रमुख सहकारी एच. आर. हाल्डमन एक्झिक्युटिव्ह ऑफिस बिल्डिंगमधल्या कार्यालयात बोलत बसले होते. खोलीत बसवलेले छुपे मायक्रोफोन ते बोलणे एका सोनी रेकॉर्डरवर टिपत होते. ही व्यवस्था १९७१ पासून सीक्रेट सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाकडे होती. टेप पातळ होती आणि वेग अगदी कमी, सेकंदाला सुमारे २४ मिलिमीटर. एका रिळात तासन् तास मावावेत म्हणून असे केले होते. दर्जा अर्थातच सुमार.

अशी व्यवस्था आहे हे १६ जुलै १९७३ रोजी व्हाइट हाऊसमधले माजी अधिकारी अलेक्झांडर बटरफील्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले तेव्हा जगाला कळले. आठवड्याभरातच वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांनी काही ठरावीक टेप मागवल्या. २० जूनची टेप त्यात होती. पुढच्या निष्कर्षांना या तारखेमुळेच वजन येते. जुलै १९७३ नंतर ही टेप म्हणजे न्यायालयाने मागितलेला पुरावा होता.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात व्हाइट हाऊसच्या वकिलांनी न्यायाधीश जॉन सिरिका यांना कळवले की या टेपवर साडेअठरा मिनिटे बोलणे नाही, नुसती घूंघूं आहे. हाल्डमन यांनी त्या बैठकीत हाताने काढलेली टिपणे उपलब्ध होती. वॉटरगेटचा विषय निघाला होता, उलटा मारा कसा करायचा याचा विचार झाला होता, हे त्यातून दिसत होते. म्हणजे जिथे ऐकण्यासारखे काहीतरी असायला हवे, नेमके तिथेच काही नव्हते.

निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी न्यायालयात आपली बाजू सांगितली. १ ऑक्टोबर १९७३ रोजी त्या टेप ऐकून मजकूर उतरवत होत्या. त्या कामासाठी त्यांना त्याच दिवशी नवे उहेर ५००० यंत्र मिळाले होते. टेप चालवण्या-थांबवण्यासाठी त्याला पायाने दाबायचे पेडल होते. फोन वाजला, त्या तिकडे वळल्या, स्टॉपऐवजी रेकॉर्डची कळ दाबली गेली असावी आणि पाय पेडलवरच राहिला असावा. चार-पाच मिनिटे अशी गेली असतील, साडेअठरा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी हे करून दाखवतानाचे छायाचित्र त्या काळी सगळीकडे छापून आले: एक पाय पेडलवर, अंग मागे ताणलेले, हात दूरच्या फोनकडे. चीफ ऑफ स्टाफ अलेक्झांडर हेग यांनी तर साक्षीत कुठल्या तरी दुष्ट शक्तीचाही उल्लेख केला.

आता न्यायालयापुढे दोन कथा होत्या. एक अपघाताची, एक हेतूची. दोन्ही माणसांच्या तोंडून आलेल्या. सिरिका यांनी प्रश्न टेपला विचारायचे ठरवले.

सहा जण आणि त्यांना दिलेले काम

सहा तज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. नावे अभियोक्त्यांचे कार्यालय आणि व्हाइट हाऊस या दोघांनी मिळून ठरवली, त्यामुळे पुढे ‘ही त्यांची माणसे’ असे म्हणायला जागा उरली नाही. रिचर्ड बोल्ट, फ्रँकलिन कूपर, जेम्स फ्लॅनगन, जे मॅकनाइट, थॉमस स्टॉकहॅम आणि मार्क वाइस. खोल्यांचा ध्वनी, मानवी उच्चार, चुंबकीय टेप, संगणकाने केलेले ध्वनिविश्लेषण अशी एकेकाची वेगवेगळी हुकमत होती. फ्लॅनगन बेल लॅबोरेटरीजमधले. स्टॉकहॅम युटा विद्यापीठातले. अंकीय ध्वनिमुद्रणाच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांचे नाव पुढे घेतले गेले.

टेपबरोबर त्यांच्या हाती यंत्रेही आली. वुड्स यांनी वापरलेला उहेर रेकॉर्डर न्यायालयात सरकारी पुरावा क्रमांक ६० म्हणून जमा होता. हे फार महत्त्वाचे होते. यंत्र समोर असले की त्याच्यावर कोरी टेप लावून, तीच कळ दाबून, उमटणारी खूण वादातल्या खुणेशेजारी ठेवता येते. अंदाजाला मग वाव कमी राहतो.

खूण कशी उमटते

इथे थोडे थांबून यंत्राच्या पोटात डोकवावे लागेल, कारण सगळा निकाल त्यावर उभा आहे.

टेप रेकॉर्डिंगला लावली की ती आधी पुसणाऱ्या हेडवरून, म्हणजे टेपला टेकणाऱ्या छोट्या विद्युतचुंबकावरून जाते, मग लिहिणाऱ्या हेडवरून. पुसणारे हेड उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने टेपवरची जुनी चुंबकीय रचना विस्कटून टाकते. लिहिणारे हेड त्यावर नवी रचना उमटवते. मायक्रोफोन जोडलेला नसेल तरी ते रिकामे बसत नाही. विजेच्या जोडणीतून यंत्रात जो गोंगाट शिरतो तोच ते लिहीत राहते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून तो गोंगाट ६० हर्ट्झ आणि तिच्या पटीतल्या वारंवारतांचा असतो. ध्वनितंत्रज्ञ त्याला ‘हम’ म्हणतात. टेपवरची घूंघूं ती हीच.

रेकॉर्डिंग थांबवताना काय होते ते पाहा. दोन्ही हेडमधला प्रवाह एकदम तुटतो. त्या क्षणी टेपचा जो भाग ज्या हेडखाली असेल तिथे एक बारीक चुंबकीय ओरखडा राहतो. एका थांबण्याच्या दोन खुणा, आणि त्यांच्यातले अंतर म्हणजे त्या यंत्रातल्या दोन हेडमधले अंतर. समजा ते अडीच सेंटिमीटर असेल, तर या वेगाने ऐकताना दोन खुणा साधारण सेकंदभराने एकमेकींमागून येतील. हे अंतर, खुणेची रुंदी, तिचा तिरकसपणा हे सगळे यंत्रागणिक वेगळे. सोनीची खूण उहेरच्या खुणेत मिसळत नाही.

या खुणा डोळ्यांनी पाहता येतात. बारीक लोहकण मिसळलेला द्रव टेपवर पसरला की कण चुंबकीय रेषांवर जाऊन बसतात आणि द्रव वाळला की टेपवर बारीक रेघा दिसू लागतात. भिंगाखाली ही पट्टी म्हणजे केसासारख्या रेषांची रांगच. मंडळाने हे केले, आणि त्याच जागांचे लहरीआलेखही, म्हणजे ध्वनीच्या चढउताराची रेखाचित्रे, काढले. रेघ जिथे, तिथेच आलेखात झटका. कानाने ऐकलेला टक्, आलेखातला उभा काटा आणि टेपवरची रेघ, असे तिघांचे एका जागी जुळणे हा या तपासाचा कणा आहे. एकट्या आलेखावरून निकाल द्यायचा मोह आजही अनेकांना होतो. आलेखातला काटा टेबलावर पेन्सिल पडल्यानेही येतो.

घूंघूंचे शिवण

हमची आणखी एक अगदी कामाची गोष्ट आहे: ती नियमित असते. सेकंदाला २४ मिलिमीटर टेप आणि ६० आवर्तने, म्हणजे टेपवर प्रत्येक लहर ०.४ मिलिमीटरची. एकदाच कळ दाबून साडेअठरा मिनिटे रेकॉर्डिंग झाले असते तर सुमारे २६ मीटर टेपवर या लहरी न चुकता एकामागून एक आल्या असत्या, माळेतल्या मण्यांसारख्या. मध्ये थांबून, टेप थोडी मागे नेऊन पुन्हा सुरू केले तर नवा तुकडा जुन्याच्या लहरीशी जुळेलच असे नाही. चढ जिथे यायला हवा तिथे उतार येतो. मण्यांमधले अंतर एका जागी चुकते.

मंडळाने लहरींची ही सलगता तपासली. टेपच्या वेगातला बारीक थरथराटही मोजला, कारण प्रत्येक यंत्राच्या मोटारीची आणि चाकांची थरथर निराळी असते. टेप कुठे कापून चिकटवली आहे का तेही पाहिले. जोड कुठे नव्हता. पण घूंघूं एकसंध नव्हती. कानालाही ती सुरुवातीला मोठी आणि पुढे बारीक लागते. आत मात्र तिचे पाच तरी तुकडे निःसंशय होते, आणि खुणांचा सैल हिशोब धरला तर नऊपर्यंत.

पाच ते नऊ असा पल्ला का, नेमका आकडा का नाही? कारण पुढच्या पुसण्याने आधीच्या पुसण्याची खूणही पुसली जाते. टेप मागे नेऊन पुन्हा रेकॉर्ड लावले की जुन्या जोडीतली एक रेघ जाते, दुसरी उरते, कधी अर्धीच उरते. उरलेल्या अर्ध्या रेघांवरून आधी काय घडले आणि नंतर काय, हा क्रम लावता येतो, पण जे पूर्ण पुसले गेले ते मोजता येत नाही. मंडळाने जे पक्के दिसले त्यालाच पक्के म्हटले आणि उरलेल्यासाठी जागा मोकळी ठेवली. मला त्यांच्या अहवालातला हा आकडा सर्वांत प्रामाणिक वाटतो. नऊ म्हणून मोकळे झाले असते तर उलटतपासणीत तोच पहिला धागा ओढला गेला असता.

आता वुड्स यांच्या पेडलचे काय झाले? पेडलने टेप चालते आणि थांबते. पुसणाऱ्या हेडचा प्रवाह तुटल्याची ती विशिष्ट खूण पेडलवरून पाय उचलल्याने उमटत नाही. त्यासाठी यंत्रावरची कळ हाताने चालवावी लागते. मंडळाने पुरावा क्रमांक ६० वर हे करून पाहिले. म्हणजे निदान पाच तुकड्यांसाठी कोणीतरी कळा हाताने दाबल्या होत्या, पुन्हा पुन्हा. एका फोनच्या घंटेत हे बसत नाही.

तारखेचा धागाही इथेच जुळतो. घूंघूं बहुधा याच उहेर यंत्राने उमटवली, असे मंडळ म्हणाले. ते यंत्र १ ऑक्टोबर १९७३ पूर्वी त्या कार्यालयात आलेलेच नव्हते. टेप तर जुलैपासून न्यायालयाने मागितलेली. यंत्राची ओळख पटली आणि पुसण्याची सर्वांत आधीची शक्य तारीख आपोआप ठरली. टेपवर तारीख लिहिलेली नसते, पण ज्या यंत्राने तिला स्पर्श केला त्याची खरेदीची तारीख असते.

विरुद्ध बाजू

मंडळाने १५ जानेवारी १९७४ रोजी न्यायालयात प्राथमिक निष्कर्ष मांडले आणि टीका सुरू झाली. त्यातला एक आक्षेप गंभीर होता. तपासणी चालू असताना उहेर यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या भागातला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग, निकामी झाला आणि तो बदलावा लागला होता. मग, सदोष डायोडमुळे प्रवाह आपोआप तुटून-जुळून या खुणा उमटल्या नसतील कशावरून?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नव्हता. पुराव्यातले यंत्र तपासणीत बदलले गेले, ही गोष्ट कोणत्याही प्रयोगशाळेला अडचणीचीच. मंडळाला अंतिम अहवालात त्याचे उत्तर द्यावे लागले. उत्तराचा गाभा असा की बिघाडाने गोंगाट वाढेल, पातळी खालीवर होईल, पण कळ हाताने सोडल्यावर उमटणाऱ्या खुणांचा विशिष्ट संच त्यातून तयार होत नाही. दोन गोष्टी आलेखात दोन वेगळ्या आकृत्या म्हणून दिसतात. या भागाने माझा अहवालावरचा विश्वास वाढतो. पर्यायी कारण मांडले गेले, ते तपासले गेले, आणि कुठे जुळत नाही ते दाखवले गेले.

३१ मे १९७४ च्या अंतिम अहवालात सात निष्कर्ष होते. पुसणे थेट याच टेपवर झाले. ते बहुधा पुरावा क्रमांक ६० नेच. तुकडे पाच ते नऊ. त्यातल्या पाचांसाठी तरी हाताने कळा चालवल्या. पुसलेल्या जागी मुळात बहुधा बोलणे होते. तुकड्यांच्या सांध्यात कुठे कुठे क्षणभराच्या फटी राहिल्या होत्या आणि त्यांतून बोलण्यासारखा ध्वनी येत होता. ते बोलणे परत मिळवण्याची कोणतीही पद्धत मंडळाला ठाऊक नव्हती. आणि टेप मूळ होती, नक्कल नव्हती.

कळ कोणी दाबली, मुद्दाम दाबली का, यावर अहवाल बोलत नाही. लहरीआलेखात बोट दिसते, बोटाचा मालक दिसत नाही. पुढे चौकशी झाली, पण या पुसण्याबद्दल कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. निक्सन यांना पायउतार व्हावे लागले ते २३ जून १९७२ च्या दुसऱ्याच टेपमुळे. ती शाबूत होती. ५ ऑगस्ट १९७४ ला ती जाहीर झाली आणि ९ ऑगस्टला त्यांनी पद सोडले.

सातवा निष्कर्ष आणि आजच्या फाइली

‘टेप मूळ आहे’ हा निष्कर्ष यादीच्या शेवटी येतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. माझ्या मते बाकीच्या सहांचा पाया तोच आहे. या टेपची दुसऱ्या टेपवर नक्कल करून तीच न्यायालयात दिली असती, तर लोहकणांच्या द्रवाने दिसणारी एकही रेघ उरली नसती. नकलेवर ऐकू येणारा ध्वनी उतरतो, टेपवरची भौतिक खूण उतरत नाही. लहरींची सलगता तेवढी तपासता आली असती, आणि तीही दोन यंत्रांच्या थरथरीखाली दबलेली.

आज एखादी फिरत आलेली ध्वनिफीत कोणी पुढे करतो आणि ‘खरी की खोटी सांगा’ म्हणतो, तेव्हा नेमकी हीच अडचण असते. फाइल एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना आकार कमी करण्यासाठी पुन्हा पुन्हा आवळली जाते. प्रत्येक आवळण्यात बारीक तपशील गळतात, आणि तपासाला लागणाऱ्या खुणा नेमक्या बारीक तपशिलातच असतात. म्हणून पहिला प्रश्न ‘मूळ फाइल कुठे आहे आणि ती कोणत्या यंत्रावर तयार झाली’ हाच असायला हवा. मूळ फाइल आणि तो फोन मिळाला, तर पुरावा क्रमांक ६० सारखेच करता येते: त्याच फोनवर नवे रेकॉर्डिंग करायचे आणि फाइलची रचना शेजारी शेजारी ठेवायची.

तपासाची रीत फारशी बदललेली नाही. हम आजही उपयोगी पडते, आता तर जास्तच. वीजजाळ्याची वारंवारता, अमेरिकेत ६० आणि बहुतेक इतर देशांत ५० हर्ट्झ, क्षणोक्षणी किंचित खालीवर होत असते, आणि तो चढउतार एका जाळ्यावर सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. जाळ्याची नोंद ठेवलेली असेल तर ध्वनिफितीतल्या हमचा चढउतार तिच्याशी जुळवून मुद्रणाची वेळ काढता येते, आणि मधला भाग कापला असेल तर उडी दिसते. रोमानियाच्या कातालिन ग्रिगोराश यांनी या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत पुढे आणली. बॅटरीवर चालणाऱ्या फोनमध्ये मात्र हम अनेकदा इतकी क्षीण असते की हाती काही लागत नाही.

संगणकाने घडवलेल्या नकली आवाजात प्रश्न थोडा वळतो. तिथे पुसलेले काही नसते, मूळ प्रसंगच घडलेला नसतो. तरी पाहायच्या जागा ओळखीच्याच आहेत: शब्दांमधल्या जागेत खोलीचा आवाज सलग राहतो का, प्रतिध्वनी बोलण्याबरोबर येतो आणि विरतो का, श्वास कुठे घेतला आहे. स्वयंचलित शोधक साधने निघाली आहेत, पण ओळखीच्या पद्धतीने बनवलेले नकली आवाज ती चांगले पकडतात आणि नव्या पद्धतीपुढे किंवा अनेकदा आवळलेल्या फाइलपुढे अडखळतात. साधनाने दिलेला टक्क्यांचा आकडा मला तपासाची सुरुवात म्हणून चालतो, निकाल म्हणून नाही. सहा जणांनी साडेअठरा मिनिटांसाठी सहा महिने दिले, आणि तरीही ‘पाच ते नऊ’ आणि ‘बहुधा’ हे शब्द त्यांनी खोडले नाहीत.

टेपचे पुढे काय

सहावा निष्कर्ष, बोलणे परत मिळणार नाही, हा त्या वेळच्या तंत्राबद्दल होता. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तो पुन्हा आजमावला. तज्ज्ञांना आवाहन केले, पण मूळ टेप कोणाच्या हाती दिली नाही. आधी चाचणी टेप तयार केल्या, त्यांवर ध्वनी भरला, मग तो पुसला. ज्याला तो परत आणता येईल त्यालाच मूळ टेपजवळ जाता येईल, अशी अट. कोणालाही ते जमले नाही, आणि २००३ मध्ये अभिलेखागाराने प्रयत्न थांबवल्याचे जाहीर केले. मूळ टेप त्यांनी जपून ठेवली आहे, पुढे कोणाला नवी रीत सापडली तर तिच्यावर आजमावता यावी म्हणून.